हुकुमाचा मजकूर आणि त्याची मर्यादा

जळगाव शहराबाहेर गिरणेच्या परिसरात असलेल्या आणि २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण केलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी, पुणे विद्यापीठाच्या कक्षेतून खानदेश वेगळा काढून झाली. तेव्हापासून जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून विभक्त झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ‘सी’ ही संगणकभाषा शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांचा ओघ अखंड चालू आहे. यांपैकी ज्या विद्यार्थ्याचा हात आरंभी बोरलँड कंपनीच्या टर्बो-सीवर बसलेला असतो आणि जो पुढे लिनक्सवर काम करू लागतो, त्याची पहिली अडचण जवळजवळ ठरलेली असते. पडदा पुसण्यासाठी टर्बो-सीमध्ये जे तयार फंक्शन त्याला मिळत असे, ते येथे नसते. मग शेजारच्या बाकावरील कोणी जाणता मित्र त्याला सांगतो की, ‘सिस्टम’ असे लिही आणि कंसात, अवतरणचिन्हांच्या आत, ‘क्लिअर’ हा शब्द घाल. तो तसे करतो, पडदा स्वच्छ होतो, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत ती ओळ कायमची मुक्कामाला येते. सी-प्रोग्रॅमच्या आतून शेलची आज्ञा चालवणे या विषयाशी आपल्याकडील बहुतेकांचा परिचय असा होतो, आणि दुर्दैवाने पुष्कळांच्या बाबतीत तो तेथेच थांबतो.

वस्तुतः त्या एका ओळीमागे जे घडते ते इतके अर्थपूर्ण आहे, आणि त्याचे परिणाम इतके दूरवर पोहोचतात, की पडदा पुसण्याच्या निमित्ताने का होईना, विद्यार्थ्याने तेथे अंमळ थबकावे असे मला मनापासून वाटते.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी उभारावयास घेतली, तेव्हा तिच्या रचनेत त्यांनी एक निर्णय असा घेतला, ज्याचे महत्त्व पुढे दशकानुदशके वाढत गेले. वापरकर्त्याने टंकलेली ओळ वाचावयाची, तिचे शब्द पाडावयाचे, चिन्हांचा अर्थ लावावयाचा आणि तदनुसार योग्य तो प्रोग्रॅम सुरू करावयाचा, हे काम त्यांनी प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, ठेवले नाही. ते ‘शेल’ नावाच्या एका स्वतंत्र आणि अन्य प्रोग्रॅमांसारख्याच सामान्य दर्जाच्या प्रोग्रॅमकडे सोपवले. ही कल्पना सर्वस्वी नवीन नव्हती. लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्स येथील सीटीएसएस या प्रणालीसाठी ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्रॅम रचून, एका आज्ञेच्या पोटात दुसऱ्या आज्ञा ओवता येतात हे दाखवून दिले होते, आणि शेल हे नावही त्यानेच सुचवले होते. तथापि युनिक्सने त्या कल्पनेला जे शिस्तबद्ध रूप दिले ते असे की, शेल हा कोणी विशेष अधिकारी राहिला नाही; ज्या मार्गाने तो इतर प्रोग्रॅम सुरू करतो, तोच मार्ग कोणत्याही सी-प्रोग्रॅमला खुला राहिला. थॉम्पसनचा शेल १९७१ च्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला, आणि आज ज्याचे व्याकरण आपण वापरतो तो स्टीफन बोर्नचा शेल १९७९ साली सातव्या आवृत्तीत अवतरला.

आता ‘सिस्टम’ हे फंक्शन काय करते ते पाहू. त्याला आपण एक अक्षरमालिका देतो. ती हाती येताच ते प्रथम ‘फोर्क’ या सोयीने चालू प्रोग्रॅमची एक प्रतिकृती निर्माण करते, म्हणजे एका प्रोसेसच्या दोन होतात, त्यांतील मूळ ती जनक आणि नवी ती अपत्य. मग अपत्य प्रोसेस ‘एक्झेक’ या सोयीने आपले अंतरंग टाकून देऊन त्या जागी शेलला आणून बसवते, आणि शेलला सांगते की, ही जी अक्षरमालिका तुला देत आहे, तीच वापरकर्त्याने टंकलेली ओळ आहे असे समजून तिची अंमलबजावणी कर. इकडे जनक प्रोसेस ‘वेट’ करून तिष्ठत राहते, आणि तिष्ठत असताना कंट्रोल-सी दाबून येणाऱ्या व्यत्ययाकडे दुर्लक्ष करते, जेणेकरून त्या कळीने मरावयाचे ते अपत्य मरावे आणि जनक वाचावा. शेल आपले काम आटोपतो, त्याचा निकाल जनकाच्या हाती येतो, आणि प्रोग्रॅम पुढील ओळीकडे वळतो.

या व्यवस्थेचे लाभ मोठे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एक उदाहरण घेऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले, आणि त्यांच्या मागे १९२७ साली तेथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांचे जतन केले. अशा एखाद्या संग्रहातील हजारो मोडी कागदांची छायाचित्रे एका आकारात आणावयाची आहेत, त्यांना क्रमांक द्यावयाचे आहेत आणि त्यांची यादी करावयाची आहे, असे समजा. चित्राचा आकार बदलण्याचे गणित सी-भाषेत स्वतः लिहू गेल्यास प्रोग्रॅमरचे वर्ष सरेल. ते काम उत्तम रीतीने करणारा प्रोग्रॅम यंत्रावर आधीच नांदत असताना, त्याला हाक मारून ते करवून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. लहान लहान, एकेकच काम पण चोख करणारे प्रोग्रॅम लिहावेत आणि ते एकमेकांना जोडावेत, ही युनिक्सची धारणाच मुळी या हाक मारण्यावर उभी आहे.

परंतु हाक मारणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला बुचकळ्यात टाकणाऱ्या बहुतेक तक्रारी त्या ध्यानात न राहिल्यामुळेच उद्भवतात. ‘सिस्टम’मधून डिरेक्टरी बदलण्याची ‘सीडी’ ही आज्ञा दिली, तिने यश आल्याचे कळवले, तरी प्रोग्रॅम होता तेथेच कसा, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगशाळेत दरसाल विचारला जातो. त्याचे उत्तर वर आलेच आहे: डिरेक्टरी बदलली ती अपत्याची, आणि ते अपत्य आज्ञा संपताच नाहीसे झाले. प्रत्येक प्रोसेसचे चालू स्थान तिचे स्वतःचे असते, अपत्याच्या स्थलांतराने जनकाचे बिऱ्हाड हलत नाही. जनकाला स्वतःला हलावयाचे असेल तर त्याने ‘सीएचडीआयआर’ हे फंक्शन वापरावे. तीच गोष्ट परिसरचलांची, म्हणजे ज्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्यांची. दुसरी तक्रार निकालाच्या आकड्याची. आज्ञा फसली असता तिचा निकाल १ असावयास हवा, पण ‘सिस्टम’ने परत दिलेला आकडा छापून पाहावा तर तो २५६ निघतो, आणि आज्ञेचे नावच चुकले असेल तर १२७ च्या ऐवजी ३२५१२ निघतो. यात गूढ काही नाही. लिनक्सवर त्या आकड्यात अपत्य कशाने मेले याची माहिती खालच्या आठ बिटांत आणि त्याचा निकाल त्यावरच्या आठ बिटांत ठेवलेला असतो, म्हणून खरा निकाल २५६ पटीने मोठा दिसतो, आणि तो वेगळा काढून देणारी सोय सी-ग्रंथालयातच आहे. तिसरी तक्रार क्रमाची: आधी छापलेले वाक्य, फल फाइलमध्ये वळवले असता, शेलच्या आज्ञेच्या फलानंतर उमटते. याचे कारण सी-ग्रंथालय छापावयाचा मजकूर काही काळ आपल्यापाशी साठवून ठेवते. ‘सिस्टम’ला हाक मारण्यापूर्वी ‘एफफ्लश’ने तो साठा रिता करावा म्हणजे क्रम सुरळीत होतो.

आज्ञेचे फल पडद्यावर न जाता प्रोग्रॅमच्याच हाती यावे अशी इच्छा असेल, तर सातव्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले ‘पी-ओपन’ हे फंक्शन आहे. ते शेल आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये एक नळी बसवते, आणि फाइल वाचावी तशी त्या आज्ञेचे फल वाचता येते. नळी एकाच दिशेची असते, आणि काम संपल्यावर ती ‘पी-क्लोज’ने बंद करावी लागते. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण ‘सिस्टम’ आणि ‘पी-ओपन’ या दोहोंना समान असलेली जी गोष्ट आहे, तीच या प्रकरणाचा खरा विषय होय.

यावल, रावेर आदी केळीच्या तालुक्यांतील बाजारभावांची एक नोंदफाइल आहे, आणि एका विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम रचला आहे की, वापरकर्त्याने तालुक्याचे नाव टंकावे आणि त्या तालुक्याच्या नोंदी पडद्यावर याव्यात, असे कल्पू. ओळी शोधून देणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा सिद्ध असल्यामुळे तो प्रोग्रॅम एक वाक्य जुळवतो: प्रथम ‘ग्रेप’ हा शब्द, मग वापरकर्त्याने टंकलेले नाव, मग नोंदफाइलचे नाव, आणि ते वाक्य ‘सिस्टम’च्या स्वाधीन करतो. कोणी ‘यावल’ टंकले तर यावलच्या नोंदी येतात, ‘चोपडा’ टंकले तर चोपड्याच्या. कोणी ‘मुक्ताईनगर तालुका’ असे दोन शब्द टंकले, तर शेल ते दोन वेगळे शब्द म्हणून पुढे देतो, आणि ‘ग्रेप’ दुसऱ्या शब्दाला फाइलचे नाव समजून अशी फाइल नाही म्हणून कुरकुरते. हा अडथळा उपद्रवी असला तरी निरुपद्रवी माणसाकडून आलेला आहे. पण कोणी ‘यावल’ टंकून त्यापुढे अर्धविराम दिला, आणि अर्धविरामानंतर फाइली पुसून टाकणारी ‘आरएम’ ही आज्ञा लिहिली, तर काय होईल? शेलच्या व्याकरणात अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली. शेल पहिली आज्ञा पाळील, आणि तितक्याच निष्ठेने दुसरीही पाळील. ती पाळताना त्याच्यापाशी प्रोग्रॅमचा सर्व अधिकार असेल. अर्धविरामाप्रमाणेच उभा दंड, डॉलरचे चिन्ह, उलटे अवतरणचिन्ह, ‘अँड’चे चिन्ह, कोनी कंस, तारका आणि नवी ओळ सुरू करणारे अदृश्य चिन्ह या सर्वांना शेलच्या दरबारात विशेष अर्थ आहेत.

ज्या जुन्या कागदांचा वर उल्लेख केला, त्या मराठेशाहीच्या दप्तरात या संकटाची जाणीव फार चांगली होती. हुकुमाचा मजकूर जेथे संपे, तेथे ‘मर्यादेयं विराजते’ किंवा पुढील काळात ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असलेली लहान मुद्रा उठवीत, आणि ती उठल्यानंतर मजकुरात एक अक्षर जरी कोणी वाढवले तरी ते सरकारचे नव्हे हे पाहणाऱ्याला तत्काळ कळे. सी-भाषेतील अक्षरमालिकेलाही अशीच मर्यादा असते: मालिकेच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट ठेवतात आणि त्यावरून ती संपली असे मानतात. आता ‘सिस्टम’ला दिलेल्या वाक्याचा विचार करा. ‘ग्रेप’ हा शब्द प्रोग्रॅमरचा, मधले नाव परक्या माणसाचे, शेवटचे फाइलचे नाव पुन्हा प्रोग्रॅमरचे. तिन्हींचा मिळून एकच मजकूर झाला आणि मर्यादेची मुद्रा उठली ती अखेरीस एकदाच. आतल्या आत, सरकारचा हुकूम कोठे संपला आणि अर्जदाराचे म्हणणे कोठे सुरू झाले, हे सांगणारी कोणतीही खूण त्या कागदावर उरली नाही. शेल बिचारा प्रामाणिकपणे सगळ्यालाच हुकूम मानतो. दोष त्याच्या इमानाचा नव्हे, अर्ज आणि हुकूम एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात लिहिणाऱ्याचा होय.

यावर कोणालाही प्रथम सुचणारा उपाय असा की, परक्या मजकुरातील घातक चिन्हे हेरून ती निष्प्रभ करावीत. हा उपाय मोठमोठ्यांनी करून पाहिला आहे. नव्वदच्या दशकात वेबचा प्रसार होऊ लागला तेव्हा अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या आणि मागाहून अपाचेच्या वेबसर्व्हरबरोबर ‘पीएचएफ’ नावाचा, निर्देशिकेतून नावे शोधून देणारा एक नमुन्याचा प्रोग्रॅम येत असे. तो सी-भाषेत लिहिलेला होता, त्याने ‘पी-ओपन’चा आश्रय घेतला होता, आणि परक्या मजकुरातील विशेष चिन्हांना बांध घालणारे एक स्वतंत्र फंक्शन त्यात मुद्दाम योजले होते. त्या फंक्शनच्या यादीत नव्या ओळीचे चिन्ह तेवढे राहून गेले. तेवढ्या फटीतून जगभरच्या कोणीही तो प्रोग्रॅम असलेल्या कोणत्याही यंत्रावर वाटेल ती आज्ञा चालवावी आणि तेथील वापरकर्त्यांची फाइल वाचून न्यावी असा प्रकार झाला, आणि मार्च १९९६ मध्ये अमेरिकेच्या सीईआरटी या संगणकसुरक्षा केंद्राला त्याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. यादी करणारे लोक निष्काळजी नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. घातक चिन्हांची यादी करून सुरक्षित राहण्याचा मार्गच असा आहे की, तेथे शंभरातील नव्याण्णव चिन्हे ओळखणाऱ्याला एकही न ओळखणाऱ्याइतकेच नुकसान सोसावे लागते.

त्यापुढची घटना अधिक बोलकी आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी स्टेफान शाझलास याने शोधून काढलेला एक दोष जाहीर झाला, आणि तो ‘शेलशॉक’ या नावाने गाजला. ‘बॅश’ या सर्वत्र रूढ असलेल्या शेलमध्ये १९८९ पासून, म्हणजे पाव शतक, तो बसलेला होता. परिसरचलांतून फंक्शने आयात करण्याची सोय बॅशमध्ये होती, आणि फंक्शनच्या व्याख्येपुढे कोणी जादा आज्ञा चिकटवल्या तर बॅश सुरू होतानाच त्या चालवून टाकी. येथे मौज अशी नव्हे, संकट असे की, ज्या प्रोग्रॅमने ‘सिस्टम’ला आपल्या पदरचे, अढळ, परक्या अक्षराचा स्पर्शही न झालेले वाक्य दिले होते, तोही सापडला. वेबसर्व्हर येणाऱ्या मागणीतील मजकूर परिसरचलांत ठेवतो, अपत्याला ती परिसरचले वारशाने मिळतात, आणि वाक्य शुद्ध असले तरी ते वाचण्यासाठी जागा झालेला शेल त्या वारशातील विष प्राशन करतो. शेलला बोलावणे हेच जोखमीचे काम आहे, ही गोष्ट या घटनेने निर्विवाद सिद्ध केली.

आपल्या भागातील वाचकासाठी या विषयाची एक बाजू अशी आहे की, जी इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही, आणि म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवणे मला आवश्यक वाटते. देवनागरी मजकूर संगणकात दोन निराळ्या मार्गांनी राहत आलेला आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि टंकलेखनाच्या व छपाईच्या दुकानांतून त्यानंतरही पुष्कळ काळ, ‘कृती देव’सारखे टंक वापरले गेले. या टंकांत देवनागरी अक्षरे ही केवळ रोमन अक्षरांचे व चिन्हांचे बाह्यरूप असतात. संगणकाच्या लेखी तेथे रोमन चिन्हच असते, डोळ्यांना ते देवनागरी दिसते इतकेच. कृती देवमध्ये ‘य’ हे अक्षर ज्या चिन्हावर बसवलेले आहे ते चिन्ह म्हणजे साक्षात अर्धविराम होय, आणि ‘द्य’ हे जोडाक्षर बसवलेले आहे उभ्या दंडावर. तेव्हा त्या टंकात लिहिलेले ‘यावल’ हे नाव संगणकापुरते अर्धविराम, के, ओ आणि वाय अशा चार बाइटांचे असते. वरील बाजारभावाच्या प्रोग्रॅमला एखाद्या सज्जन कारकुनाने जुन्या फाइलीतून उचलून हे नाव दिले, तर शेल अर्धविरामापाशी ‘ग्रेप’ची आज्ञा अर्धवट तोडील, आणि मग ‘केओवाय’ नावाची, जगात नसलेली आज्ञा शोधू लागेल. ‘विद्यालय’ या शब्दाची गत त्याहून वाईट: त्यात मध्ये उभा दंड आणि शेवटी अर्धविराम असल्यामुळे शेल पहिल्या तुकड्याचे फल नळीने दुसऱ्याकडे नेऊ पाहील, तेथे आज्ञा संपवील, आणि वाक्यात पुढे उरलेले नोंदफाइलचे नाव हीच एक आज्ञा समजून ती चालवू जाईल. कोणाच्याही मनात पाप नसताना केवळ तालुक्याचे किंवा शाळेचे नाव लिहिल्याने हे सारे घडते.

युनिकोडमध्ये हे घडत नाही, आणि येथे पुन्हा तोच केन थॉम्पसन भेटतो. सप्टेंबर १९९२ मध्ये त्याने रॉब पाइकच्या साहाय्याने यूटीएफ-८ ही संकेतनपद्धती रचली, तेव्हा तिच्यात असा दंडक पाळला गेला की, रोमनेतर अक्षर कितीही बाइटांचे असो, त्याच्या कोणत्याही बाइटाचे मूल्य १२८ च्या खाली असता कामा नये. शेलची विशेष चिन्हे सगळी १२८ च्या खाली आहेत. यूटीएफ-८ मध्ये ‘य’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७५ या तीन बाइटांचे, आणि काना धरून ‘यावल’ हे नाव बारा बाइटांचे होते; या बारांत अर्धविराम किंवा दंड लपून बसणे अशक्य आहे. हा गुण योगायोगाने आलेला नाही. युनिक्समधील जुने, एक अक्षर म्हणजे एक बाइट असे मानणारे प्रोग्रॅम न बदलता चालावेत, या हेतूने तो जाणीवपूर्वक साधलेला आहे. मराठीत फाइलींना नावे देणाऱ्या प्रत्येकाला त्याचे फळ आज विनासायास मिळते. मात्र यूटीएफ-८ मुळे अक्षर निर्धोक झाले, अक्षरांच्या मधली जागा नव्हे. ‘केळी भाव’ अशा दोन शब्दी नावाला शेल अजूनही दोन नावे समजतो.

मग निर्दोष मार्ग कोणता? तो नवा नाही. ‘सिस्टम’ ज्या तीन पायऱ्यांनी चालते, त्याच पायऱ्या प्रोग्रॅमरने स्वतः चढाव्यात आणि मधल्या पायरीवर शेलला न बोलावता थेट इष्ट प्रोग्रॅमला बोलवावे, एवढेच. म्हणजे ‘फोर्क’ने अपत्य निर्माण करावे, आणि अपत्यात ‘एक्झेक’ कुटुंबातील एखाद्या फंक्शनला प्रोग्रॅमचे नाव आणि त्याला द्यावयाच्या शब्दांची एक यादी द्यावी: पहिला शब्द ‘ग्रेप’, दुसरा वापरकर्त्याने दिलेले नाव, तिसरा नोंदफाइल, आणि सर्वांत शेवटी, यादी संपली हे सांगणारा रिक्त निर्देशक. येथे प्रत्येक शब्द स्वतंत्र अक्षरमालिका आहे, आणि प्रत्येकीच्या शेवटी तिची स्वतःची मर्यादा आहे. वापरकर्त्याने अर्धविराम दिला, दंड दिला, डॉलर दिला, नवी ओळ दिली, तरी ती सारी त्या दुसऱ्या शब्दाच्या पोटात अक्षरे म्हणूनच राहतात. कर्नलला शेलचे व्याकरण ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच येथे आपले संरक्षण होय. ‘ग्रेप’ फार तर असे सांगेल की, अर्धविरामाने युक्त अशा नावाचा तालुका नोंदीत सापडला नाही. आणि ते सत्यच असेल. ‘फोर्क’ आणि ‘एक्झेक’ ही दोन्ही कामे एका फंक्शनात करणारी ‘पॉझिक्स-स्पॉन’ नावाची सोयही आता प्रमाणित आहे, ज्याला फोर्कचे सूक्ष्म नियम सांभाळावयाचे नसतील त्याने ती वापरावी.

या मार्गावरही दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक अशी की, वापरकर्त्याचा शब्द हायफनने सुरू झाला तर ‘ग्रेप’सारखा प्रोग्रॅम त्याला शोधावयाचे नाव न मानता स्वतःला दिलेली सूचना मानील. त्यासाठी सूचना संपल्या असे दर्शवणारे जोड-हायफन त्या शब्दाच्या आधी एक स्वतंत्र शब्द म्हणून द्यावे. दुसरी अशी की, प्रोग्रॅमचे नुसते नाव न देता त्याचा संपूर्ण मार्ग द्यावा. नुसते नाव दिले तर शेल आणि ‘एक्झेक’ कुटुंबातील काही फंक्शने ते ‘पाथ’ या परिसरचलातील डिरेक्टऱ्यांत शोधतात, आणि पाथ बदलणे हे प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या हाती असते. पडदा पुसण्याची ती आपली सुरुवातीची साधी ओळ एखाद्या वाढीव अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिली, तर कोणीही आपल्या डिरेक्टरीत ‘क्लिअर’ नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवून, पाथमध्ये त्या डिरेक्टरीला अग्रस्थान देऊन, तो वाढीव अधिकार पळवू शकतो. म्हणूनच लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत, अशा अधिकारसंपन्न प्रोग्रॅमांत ‘सिस्टम’ वापरू नये असे निःसंदिग्ध शब्दांत बजावलेले आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील सीईआरटीच्या सी-भाषेसाठी केलेल्या नियमावलीत तर ‘सिस्टम’ला हाकच मारू नये असा नियम आहे. लोकांच्या उपयोगासाठी, अनोळखी हातांत जाण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना तो नियम सर्वथा योग्य आहे. परंतु आपल्याच यंत्रावर, आपल्याच फाइलींवर, आपणच लिहिलेले ठाम वाक्य चालवणाऱ्या संशोधकाला किंवा विद्यार्थ्याला तो लावणे मला कठोर वाटते. तेथे शेलच्या नळ्या आणि तारका यांची सोय घेण्यात काही गैर नाही. कसोटी एकच ठेवावी: त्या वाक्यातील एखादे तरी अक्षर दुसऱ्याच्या हातून आलेले आहे काय? आलेले असेल तर ‘सिस्टम’ आणि ‘पी-ओपन’ दोन्ही वर्ज्य. आणि हाक मारण्यापूर्वी हेही विचारावे की, हाक मारण्याची गरज तरी आहे काय. फाइल पुसणे, तिचे नाव बदलणे, डिरेक्टरी बनवणे, तिच्यातील नावे वाचणे ही सर्व कामे सी-भाषेतील फंक्शनांनी सरळ होतात. पडदा पुसण्यासाठीही, १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून रूढ असलेली, एस्केप चिन्हाने सुरू होणारी सात बाइटांची सांकेतिक मालिका छापली की काम भागते. त्या सात बाइटांसाठी एक शेल आणि एक ‘क्लिअर’ असे दोन प्रोग्रॅम स्मृतीत आणून बसवणे हा अपव्यय आहे.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत सी-भाषा आणि लिनक्स शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती अशी आहे की, प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘सिस्टम’ची ओळ जेथे येते, त्याच्या पुढच्याच पानावर एक प्रयोग नेमावा. जळगावच्या पंधरा आणि धुळ्याच्या चार तालुक्यांची नावे असलेली एक फाइल करावी, आणि तीत नाव शोधणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांकडून दोनदा लिहवून घ्यावा, एकदा ‘सिस्टम’ने आणि एकदा ‘फोर्क’, ‘एक्झेक’ व ‘वेट’ यांनी. मग दोन्ही प्रोग्रॅमांना ‘यावल’ हे नाव, त्यापुढे त्या फाइलचे नाव, मग एक अर्धविराम, तारीख छापणारी ‘डेट’ ही निरुपद्रवी आज्ञा आणि शेवटी पुन्हा एक अर्धविराम, असा एकच मजकूर द्यावा. पहिला प्रोग्रॅम तारीख छापील, दुसरा छापणार नाही. त्याचे कारण विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत वहीत लिहावे, आणि त्या कारणालाच गुण द्यावेत.